ताशी पंचवीसचा वारा

दहिसरपासून तलासरी तालुक्यातल्या अच्छाड नाक्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४८ चा जो पट्टा जातो, त्याची लांबी १२१ किलोमीटर आहे. मुंबईच्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना हा रस्ता तोंडपाठ असतो. मोठा घाट नाही, दर काही मैलांवर चहा-पाणी मिळतं, दमलंच कुणी तर डहाणू रोडहून लोकल मिळते. २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हापासून ही सोयही झाली. वसई फाटा, विरार फाटा, मनोर, चारोटी, तलासरी, तिथून परत, असा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा दिवस इथे आखता येतो. दहा-पंधरा जणांचा ग्रुप, पहाटे चारला सुरुवात, सोबत एखादी सपोर्ट गाडी. डिसेंबर-जानेवारीत या राईडसारखं सुख नाही. हीच राईड एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात केली तर शरीराचं काय होतं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मे महिन्यात अशी राईड कुणी करावीच कशाला, असं वाचकाला वाटेल. त्यालाही कारणं आहेत. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या ब्रेव्हे नावाच्या राईड आता महाराष्ट्रात सगळीकडे होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास, ६०० ला चाळीस तास अशी मुदत असते. शर्यत नसते, पण मुदतीत पोचायचं तर दुपारही सायकलवरच काढावी लागते. अमेरिकेचा आडवा छेद घेणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जून महिन्यात निघते आणि सुरुवातीलाच वाळवंटात शिरते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पुरी केली. अशा माणसांना उन्हाचा सराव हवाच असतो. त्यांच्याकडे पाहून मग इतरांनाही वाटतं की ऊन अंगावर घेतल्याशिवाय सायकलस्वार पक्का होत नाही. यात खरं किती आणि घातक किती, ते नीट वेगळं करून पाहायला हवं.

सुरुवात तापमापकापासून करू, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. मोबाइलवर डहाणूचं कमाल तापमान ३४ अंश दिसतं. विदर्भात त्या दिवशी ४४ असतं. ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतं, नागपूरवाले ४४ मध्ये सायकल चालवतात, आपण ३४ ला काय घाबरायचं. हवामान खात्याचा इशाराही नसतो. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करायची तर पारा निदान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर जावा लागतो. म्हणजे कागदोपत्री दिवस साधा असतो.

आता त्याच दोन दिवसांचा हिशेब दुसऱ्या तऱ्हेने करू. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी उडताना तो गार होतो आणि पारा खाली येतो. हवा जितकी कोरडी, तितका जास्त खाली. घाम आलेल्या माणसाच्या कातडीला हवा किती गार करू शकेल, याचा अंदाज या ओल्या तापमानावरून येतो. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला पारा २३ च्या आसपास थांबतो. डहाणूत ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर तो साडेसत्तावीसवर असतो. विदर्भात माठातलं पाणी जितकं गार होतं तितकं आमच्या किनाऱ्यावर कधीच होत नाही. घामाने ओल्या अंगाचंही तेच आहे.

ऊन मोजण्यासाठी अजून एक उपकरण वापरतात, काळ्या रंगाचा पोकळ गोळा. तो उन्हात ठेवला की हवेपेक्षा बराच तापतो, भर दुपारी दहा-अकरा अंशांनी सहज. ओल्या पाऱ्याचे ७० टक्के, काळ्या गोळ्याचे २० टक्के आणि साध्या पाऱ्याचे १० टक्के अशी बेरीज केली की एक निर्देशांक मिळतो. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन दलात नवे भरती झालेले जवान उन्हाळी कवायतीत कोसळत होते, तेव्हा तो तयार झाला आणि आज जगभर खेळांसाठी वापरला जातो. वरच्या दोन्ही दिवसांना हे गणित लावा. डहाणूचा आकडा ३१ च्या पुढे जातो आणि नागपूरचाही तेवढाच येतो. म्हणजे डहाणूचे ३४ अंश आणि नागपूरचे ४४ अंश कष्ट करणाऱ्या शरीराला साधारण सारखेच जड. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२४ पासून व्यावसायिक शर्यतींसाठी याच निर्देशांकाचे पट्टे ठरवले आहेत. २८ च्या वर लाल पट्टा सुरू होतो. तिथे शर्यतीची वेळ बदलायची, अंतर कमी करायचं की शर्यतच रद्द करायची, याची चर्चा करतात. डहाणू-तलासरीत मे महिन्याची कुठलीही निरभ्र दुपार या लाल पट्ट्यात बसते. जगातले सर्वांत तयार सायकलस्वार जिथे थांबून विचार करतात, तिथे शनिवार-रविवारी वेळ काढणाऱ्या आपल्या माणसांनी नुसता मोबाइलवरचा आकडा पाहून निघणं मला फार अस्वस्थ करतं.

हे हिशेब कागदावरचे नाहीत. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी लाखो लोक उन्हात बसले होते. पारा ३८ च्या आसपास होता. १४ माणसं गेली. ती माणसं धावत नव्हती, सायकल चालवत नव्हती, नुसती बसली होती.

सायकल चालवणारा माणूस तर आतूनही तापतो. पायांच्या स्नायूंना अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी फक्त वीस ते पंचवीस टक्के चाकापर्यंत पोचते. बाकी सगळी उष्णता. पेडलवर १५० वॉट देत ताशी पंचवीसच्या वेगाने जाणारा सायकलस्वार शरीरात साडेचारशे ते सहाशे वॉट उष्णता तयार करतो आणि ती तासन् तास करत राहतो. सत्तर किलोच्या शरीरातून ही उष्णता बाहेरच गेली नाही असं क्षणभर धरलं, तर दर सात-आठ मिनिटांना शरीराचं तापमान एक अंशाने वाढेल. ३७ वरून ४० वर जायला अर्धा तासही लागणार नाही. तसं होत नाही, कारण घाम उडतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे तासाला सातशे-आठशे मिलीलिटर घाम पूर्णपणे उडाला तर हिशेब जुळतो.

‘पूर्णपणे’ या शब्दावर इथे सगळं अडतं. डहाणूच्या दमट हवेत बराचसा घाम हनुवटीवरून, कोपरावरून, टॉप ट्यूबवर ठिबकतो. ठिबकलेल्या घामाने शरीराचं पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा मात्र मिळाला नाही. शरीर आणखी घाम सोडतं. तासाला सव्वा-दीड लिटर घाम जातो आणि आतडी एका तासात जेमतेम लिटरभर पाणी शोषू शकतात. तूट वाढत जाते, रक्ताचं आकारमान घटतं. उरलेल्या रक्ताने पायांनाही पोसायचं आणि कातडीकडेही धाव घ्यायची, म्हणून हृदयाचे ठोके चढतात. पहाटे ज्या वेगाला १३० ठोके पडत होते, त्याच वेगाला दुपारी १५० पडतात. वेग तोच, रस्ता तोच, शरीराची किंमत वेगळी. म्हणून उन्हातल्या राईडमध्ये वेग किती आहे हे पाहण्यात काही अर्थ नसतो. ठोके पाहावेत आणि ते सांगतील तसा वेग सोडून द्यावा.

सायकलस्वाराकडे पळणाऱ्यापेक्षा एक मोठा आधार असतो. ताशी पंचवीसने जाताना समोरून ताशी पंचवीसचा वारा अंगावर येतो. वारा नसलेल्या दिवशीही तो आपला आपण तयार होतो आणि घाम उडवतो. सायकलवर असताना ऊन तितकंसं जाणवत नाही ते यामुळेच. चारोटीच्या पुलाखाली थांबलं की मात्र पाच मिनिटांत अंगावरून धारा लागतात, डोळ्यांत मीठ जातं, कधी भोवळ येते. वारा गेलेला असतो, शरीर अजून तापलेलंच असतं आणि पेडल थांबल्यामुळे पायांत उतरलेलं रक्त वर ढकलणारं कुणी नसतं. थांबताना शेवटची पाच-सात मिनिटं हलक्या पायांनी यावं, आणि उतरल्या उतरल्या टाचेवर उभं न राहता सावलीत बसावं, पाय वर घेता आले तर उत्तम.

या वाऱ्याचं या रस्त्यावरचं वेळापत्रक फार कमी लोक ध्यानात घेतात. पहाटे मुंबईहून उत्तरेकडे जाताना हवा जवळजवळ स्थिर असते, जमिनीकडून समुद्राकडे जाणारी हलकी झुळूक असते. सायकलस्वाराला आपल्या वेगाचा पुरेपूर वारा मिळतो आणि ऊनही नसतं. तलासरीला पोचून, नाश्ता करून, फोटो काढून परत फिरेपर्यंत नऊ-दहा वाजतात. पुढच्या दोन तासांत समुद्रावरचा वारा आत येऊ लागतो. उन्हाळ्यात त्याची दिशा पश्चिम ते वायव्य असते. महामार्ग जवळपास उत्तर-दक्षिण, त्यामुळे परतीच्या वाटेवर हा वारा पाठीतून येतो. सगळ्यांना आनंद होतो, सायकली पळू लागतात. पण ताशी पंधराचा वारा मागून आणि आपला वेग पंचवीस, तर अंगाला लागणारा वारा उरला दहा-बाराचा. डोक्यावर सूर्य, हवेत समुद्रावरून आलेली ओल, आणि घाम उडवणारा वारा निम्म्यावर आलेला. पाठीचा वारा पायांना जितका मदत करतो, तितकाच कातडीला नडतो. या रस्त्यावर दुपारी बारा ते तीनमध्ये सायकलस्वार हतबल होतात ते मनोर ते विरार फाट्याच्या टप्प्यात, पुलांच्या आणि फ्लायओव्हरच्या चढांवर. तिथे वेग ताशी बारावर येतो, पाठीच्या वाऱ्याइतकाच होतो, आणि अंगावरची हवा जवळजवळ थांबते.

रस्ताही बदलला आहे. दहिसर ते अच्छाड या पट्ट्यात जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर देण्याचं काम अलीकडेच झालं. डांबर ऊन पितं आणि स्वतः तापतं. नवं फिकट काँक्रीट डांबराइतकं तापत नाही, पण त्याच्या कितीतरी पट ऊन वर परतवतं. हेल्मेटची चोच वरून येणारं ऊन अडवते, खालून येणारं अडवत नाही. मान, हनुवटी, हातांच्या आतल्या बाजू भाजल्यासारख्या होतात. शिवाय उजव्या अंगाने जाणाऱ्या अवजड ट्रकांचा गरम धूर असतो तो वेगळाच. महामार्गावरचा काळा गोळा आणि आतल्या रस्त्यावरचा काळा गोळा यांत मोठं अंतर असणार, यात मला शंका नाही.

मग आतले रस्ते घ्यावेत का? घ्यावेत, पण कोणते हे पाहून. चारोटीहून कासा, सायवन, उधवा करत तलासरीला जाणारा रस्ता पावसाळ्यात आणि हिवाळ्यात देखणा असतो. हे रान सागाचं, आणि साग उन्हाळ्यात पान टाकतो. ज्या महिन्यांत सावलीची गरज, त्याच महिन्यांत हे जंगल उघडं असतं. पश्चिमेकडे डहाणू, घोलवड, बोर्डीच्या बाजूला मात्र चिकूच्या वाड्या आहेत. चिकू बारमाही हिरवा. इराणी-पारशी बागायतदारांनी वाढवलेल्या या वाड्यांच्या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रस्त्याच्या कडेला जिथे वाडी आहे तिथे मे महिन्यातही दाट सावली असते. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत. ही सावली आपोआप टिकलेली नाही. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण बसलं आणि वर्षानुवर्षं इथल्या उद्योगांवर नजर ठेवून राहिलं. बोर्डीच्या रस्त्यावर सावलीतून सायकल नेताना हे आठवावं, इतकं ते मोलाचं आहे.

आता ग्रुपकडे येऊ. एकामागे एक चिकटून चालवलं की मागच्याला हवेचा विरोध कमी होतो आणि पंचवीस-तीस टक्के कष्ट वाचतात. ड्राफ्टिंगचा हा फायदा सगळ्यांना माहीत असतो. तो फायदा मिळतो तो वारा अडल्यामुळे, आणि उन्हात अडलेला वारा म्हणजे अडलेला गारवा. रांगेच्या मध्यभागी असलेला माणूस कष्ट कमी करतो, पण त्याच्या अंगाला हवाही कमी लागते. पुढचा वारा खातो, पण जास्त तापतो. यातून मार्ग एकच. चाकांमधलं अंतर वाढवायचं, सायकलभर तरी ठेवायचं आणि पुढच्याची पाळी पाच मिनिटांच्या आत बदलायची. थंडीतली दाटीवाटीची रांग मे महिन्यात चालत नाही.

याहून मोठी अडचण मनाची आहे. एकटा माणूस थकला की थांबतो. ग्रुपमध्ये थांबायला कुणीतरी आधी म्हणावं लागतं आणि ते म्हणायची लाज वाटते. सगळ्यांत नवा, सगळ्यांत जड, रात्री कमी झोपलेला किंवा आठवड्यापूर्वी तापातून उठलेला माणूस सगळ्यांत आधी कोसळणार असतो, आणि तोच सगळ्यांत शेवटी बोलतो. ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्या माणसाचं शरीर बरेच दिवस उष्णता सांभाळू शकत नाही, हे तर पुष्कळांना ठाऊकच नसतं. म्हणून चांगले ग्रुप निघण्याआधीच जोड्या लावतात. जोडीदाराने जोडीदाराकडे पाहायचं. सायकल रेषेत चालली आहे की नागमोडी, बोलणं नेहमीसारखं आहे की तुटक, चिडचिड का होते आहे, अंगावर काटा का आला आहे, ऐन उन्हात थंडी वाजते असं का म्हणतो आहे. उष्माघात झालेल्या माणसाचा घाम आटलेला असतो असं शाळेत शिकवलं जातं. कष्टातून आलेल्या उष्माघातात पुष्कळदा घाम भरपूर येत असतो. खरी खूण डोक्याची असते. पुढचं वळण कुठलं, आज वार कोणता, अशा साध्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की राईड तिथे संपली, सगळ्यांचीच.

पाण्याबद्दल एका वाक्यात सांगायचं तर नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ. सहा तासांत सात-आठ लिटर घाम गेला तर हिशेब करा. त्या जागी साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलटी होते, माणूस बरळतो, आणि सोबतचे त्याला ‘अजून पाणी पी’ म्हणतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं. शहाळ्याचं पाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. महामार्गाच्या कडेला टोपलीत मिळणारे ताडगोळे जिवाला गार वाटतात, मिठाची भरपाई तेही करत नाहीत.

भरपाई करणारं मिश्रण आपल्याच देशात लाखोंचे जीव वाचवून सिद्ध झालं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांत कॉलरा पसरला तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणलं. आतड्याच्या पेशी साखरेच्या हाताला धरून सोडियम आत घेतात आणि सोडियमच्या मागे पाणी येतं, हे त्यामागचं शास्त्र. आजच्या ओआरएसच्या पाकिटात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मीठ घातलेली तांदळाची पेज किंवा नाचणीची आंबील याच वाटेने काम करते, कारण पिठूळ पदार्थ आतड्यात साखरेतच मोडतो. तलासरी-डहाणूकडे उन्हात राबणारी माणसं सकाळी आंबील पिऊन निघतात आणि ऊन चढायच्या आत शेतातलं काम आटोपतं घेतात. त्यांना हे ऊन चुकवता येत नाही, आपण ते हौसेने निवडतो. त्यांच्या वेळापत्रकाकडे आपण शिक्षकाकडे पाहावं तसं पाहायला हवं.

राईडच्या आधी आणि नंतर वजन करावं. दोन टक्क्यांहून जास्त घटलं, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं दीड किलो, तर पिणं कमी पडलं. वाढलं असेल तर जास्त झालं, आणि ते अधिक काळजीचं.

उन्हाच्या सरावात खरं किती, या सुरुवातीच्या प्रश्नाकडे आता वळतो. खरं बरंच आहे. दहा ते चौदा दिवस रोज उन्हात व्यायाम केला की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच कष्टाला ठोके कमी पडतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये २०१० मध्ये तयारीच्या सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. दहा दिवस ४० अंशांच्या खोलीत सराव केल्यावर त्यांची कामगिरी गरम हवेतच नव्हे, थंड हवेतही पाच-सहा टक्क्यांनी सुधारली. आमच्या ग्रुपमध्ये या प्रयोगाचा दाखला हमखास देतात. पण तो सराव कसा होता, ते कुणी सांगत नाही. रोज साधारण दीड तास, तोही आपल्या क्षमतेच्या निम्म्या जोरावर. आठ-नऊ तासांची राईड कुणी केली नव्हती. शरीर बदललं ते रोज थोडं थोडं तापल्यामुळे, एका दिवसात भाजून निघाल्यामुळे नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की उन्हाचा सराव आणि अंतराचा सराव हे दोन वेगळे अभ्यास आहेत आणि ते एका दिवशी घेऊ नयेत. उन्हाची सवय करायची तर एप्रिलमध्ये दोन आठवडे रोज संध्याकाळी तास-दीड तास हलक्या पायांनी चालवावं, घराजवळ, जिथे थांबता येईल तिथे. ज्यांचा सगळा दिवस वातानुकूलित कचेरीत जातो त्यांना याची जास्त गरज आहे, आणि ही सवय दोन-तीन आठवड्यांत उतरतेही. लांबची राईड करायची तर आदल्या रात्रीच डहाणूला किंवा बोर्डीला मुक्काम करावा. पहाटे साडेतीनला तिथून निघावं, घोलवड, बोर्डीवरून तलासरीकडे, मग महामार्गाने चारोटी आणि परत डहाणू, अशी फेरी घालावी. काळोखात समोर-मागे दिवे आणि चमकणारी पट्टी असावी. नऊला सायकल भिंतीला टेकवावी, दुपार चिकूच्या सावलीत झोपून काढावी आणि हवं तर पाचनंतर उरलेलं अंतर करावं. मुंबईहून निघून मुंबईला परतण्याची जिद्द उन्हाळ्यात सोडून द्यावी, कारण तिच्यात दुपार अटळ आहे.

एवढं करूनही कधी कुणी कोसळेल. हाच रस्ता पुढे अहमदाबादला जातो. तिथे मे २०१० च्या उष्णतेत नेहमीपेक्षा १३४४ जास्त माणसं दगावली आणि त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला. रस्त्यावर माणूस पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं, हे मात्र प्रत्येक ग्रुपला स्वतः शिकावं लागतं. १०८ ला फोन करायचाच. कासा आणि डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. पण रुग्णवाहिकेची वाट पाहत माणसाला नुसता सावलीत निजवून ठेवणं म्हणजे ती मिनिटं वाया घालवणं. आधी गार करा, मग हलवा, हा आज जगभर मान्य झालेला नियम आहे. तापाची गोळी इथे काही करत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाईल.

अमेरिकेत फॅलमथ गावी ऑगस्टच्या उन्हात धावण्याची शर्यत होते, फक्त ११ किलोमीटरची. तिथे अठरा शर्यतींच्या नोंदींत २७४ जणांना उष्माघात झाला. सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवलं आणि एकही जण दगावला नाही. अंतर अकराच किलोमीटर असताना हे घडतं हेही ध्यानात ठेवावं. उष्माघात अंतरापेक्षा जोराने होतो.

महामार्गावर टब कुठून आणायचा? त्याला उत्तर आहे आणि ते सपोर्ट गाडीच्या डिकीत मावतं. आठ बाय दहा फुटांची एक जाड ताडपत्री. कोसळलेल्या माणसाचे हेल्मेट, बूट, जर्सी काढायचे, त्याला ताडपत्रीच्या मध्यावर ठेवायचं, सोबत्यांनी चारही कडा धरून वर उचलायच्या आणि मधल्या खोलगटात पाणी ओतायचं. पाणी पेट्रोल पंपावर, ढाब्यावर, शेताच्या बोअरला मिळतं. बर्फ थंड पेयांच्या टपरीवर लादीच्या रूपात असतो. डहाणूला आणि झाईला मासेमारी चालते, त्या बाजूला तर तो भरपूर. मग कडा एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने उचलून पाणी अंगावर खेळवत राहायचं. एकाने फक्त डोकं धरायचं आणि नाक-तोंड पाण्याच्या वर ठेवायचं. बर्फाच्या पाण्यात या पद्धतीने दर मिनिटाला साधारण ०.१५ अंशांनी तापमान उतरतं असं प्रयोगांत दिसलं आहे, म्हणजे ४१ वरून ३९ वर यायला पाऊण तास नव्हे, बारा-पंधरा मिनिटं. माणूस शुद्धीवर येऊन थरथरू लागला की थांबायचं, अंग पुसायचं, आणि तेव्हा रुग्णवाहिकेत ठेवायचं.

ताडपत्री धरायला निदान सहा माणसं लागतात, आठ असली तर हात भरून येत नाहीत. मोसमाच्या पहिल्या राईडला, निघण्याआधी, ग्रुपमधल्या सगळ्यांत जड माणसाला तीत झोपवून, पंपावरच्या नळाचं पाणी ओतून, ती एकदा उचलून पाहावी. कोण कुठली कड धरणार, डोकं कोण धरणार, १०८ ला फोन कोण करणार आणि पाणी आणायला कोण पळणार, हे तेव्हाच ठरतं.